पिशवी दाबणारे हात

१९५२च्या उन्हाळ्याच्या अखेरीस कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. साथीच्या आजारांसाठी असलेल्या ब्लेगडॅम रुग्णालयात एकेका दिवशी पन्नास-पन्नास नवे रुग्ण येऊ लागले. त्यांत मुलंच फार. पोलिओचा विषाणू मेंदूच्या तळापर्यंत पोचला की घशाचे आणि छातीचे स्नायू लुळे पडतात. पोर पूर्ण शुद्धीवर असतं, त्याला फक्त श्वास घेता येत नाही. त्या काळी अशा रुग्णाला 'लोखंडी फुप्फुस' नावाच्या पिंपासारख्या यंत्रात झोपवत. ब्लेगडॅममध्ये तसं यंत्र होतं एक. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

२७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद करवून घेतला, श्वासनलिकेत नळी बसवली, नळीला रबराची पिशवी जोडली आणि ती हाताने दाबायला घेतली. मुलगी वाचली. युक्ती म्हटली तर साधी. भूल देताना डॉक्टर हेच करायचे. गोम एवढीच की शस्त्रक्रिया दोन तासांत संपते, पोलिओ संपत नाही. पिशवी दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे दाबत राहायची. कोण दाबणार? वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना बोलावणं गेलं. पाळ्या लागल्या. त्या साथीत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी मिळून जवळजवळ १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. एकेका वेळी सत्तर-सत्तर रुग्ण अशा हातांवर श्वास घेत होते.

आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची कुळकथा इथून सुरू होते. म्हणजे जगातला पहिला मोठा व्हेंटिलेटर हाडामांसाचा होता, त्याला दर काही तासांनी भूक लागायची, आणि त्याची परीक्षा तोंडावर आली होती.

त्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत एक तपशील असा आहे की तो वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. रात्री रुग्णांना झोप लागावी म्हणून वॉर्डातले दिवे मंद केलेले असत. पिशवी दाबली की छाती वर येते, सोडली की खाली जाते. रुग्ण जिवंत असो वा नसो, छाती हलतेच. त्या अंधूक उजेडात आपल्या हाताखालचं पोर गेलेलं आहे हे विद्यार्थ्याला कळायचं नाही. सकाळी उजाडल्यावर कळायचं.

माणसाच्या इतिहासात हे नवीन होतं. त्याआधी हजारो वर्षं श्वास थांबला की माणूस गेला, आरसा नाकाशी धरून बघायचा आणि काय ते ठरवायचं. आता श्वास दुसऱ्याच्या मुठीत आला. आणि ज्याच्या मुठीत तो आला, तो विशीतला, अजून डॉक्टर न झालेला मुलगा होता. थांबायचं कधी, आणि थांबलो तर ते काय केलं म्हणायचं, या प्रश्नाचा जन्म कुठल्या कोर्टात किंवा तत्त्वज्ञानाच्या वर्गात झाला नाही. तो या हातांत झाला.

पाचच वर्षांत भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न थेट पोपपुढे नेला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी बाराव्या पायस यांनी उत्तर दिलं: असाधारण उपाय चालूच ठेवण्याचं बंधन डॉक्टरवर नाही, आणि मृत्यूचा क्षण ठरवणं हे चर्चचं काम नव्हे, वैद्यकाचं आहे. यंत्राने धर्मपीठालाही विचार करायला लावला, तोही इतक्या झटपट.

कोपनहेगन फार लांब वाटत असेल तर आपल्याकडच्या एखाद्या सरकारी रुग्णालयात जरा रात्री डोकावा. व्हेंटिलेटर सगळे भरलेले असतात, रुग्णाला 'ट्यूब टाकलेली' असते, आणि नळीला जोडलेली अंबू बॅग रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा दाबत असतो. रेसिडेंटने, म्हणजे निवासी डॉक्टरने, त्याला पाच मिनिटांत शिकवलेलं असतं: एवढी दाबा, एवढी सोडा, मनात आकडे मोजा. ही अंबू बॅगही डॅनिशच. हेनिंग रूबेन या भूलतज्ज्ञाने १९५०च्या दशकात ती घडवली. दाबून सोडली की ती आपोआप फुगते, म्हणून ऑक्सिजनचं सिलिंडर नसलं तरी चालते. विद्यार्थ्यांच्या जागी नातेवाईक आले, एवढाच फरक.

हे थांबवण्याबद्दल, दयामरणाबद्दल शिकाऊ डॉक्टरांना काय माहीत असतं आणि काय वाटतं, हे शोधायला निघालं की अशा रात्री सापडत नाहीत, प्रश्नावल्या सापडतात. जगभर हा विषय संशोधनासाठी लोकप्रिय आहे, कारण विद्यार्थी वर्गातच बसलेले असतात आणि कागद वाटायला खर्च नाही. आपल्याकडच्या आणि परदेशातल्या सर्वेक्षणांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. उपचार थांबवण्याला मान्यता देणारे जास्त, प्राणघातक इंजेक्शन देण्याला मान्यता देणारे कमी. धार्मिक श्रद्धा पक्की असलेल्यांचा विरोध अधिक. आणि कायदा नेमकं काय म्हणतो, याबाबत गोंधळ भरपूर.

गोंधळाचा दोष मी विद्यार्थ्यांना देणार नाही. आधी शब्दच बघा. मराठीत आपण 'इच्छामरण' आणि 'दयामरण' हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, वर्तमानपत्रंही वापरतात. पण इच्छा असते मरणाऱ्याची आणि दया असते दुसऱ्याची. भीष्म इच्छामरणी होता. त्याच्यावर दया करायची कुणाची प्राज्ञा नव्हती. उलट जो बेशुद्ध आहे त्याला इच्छा विचारताच येत नाही, तिथे दयेचाच प्रश्न उरतो. शिवाय आपल्या घरांत आणखी शब्द आहेत. १९६६ साली सावरकरांनी अन्न-औषध सोडलं, त्याला आत्मार्पण म्हटलं गेलं. १९८२च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारलं, त्याला प्रायोपवेशन म्हटलं. जैन घरातल्या मुलीने सल्लेखना ऐकलेली असते. प्रत्येकाच्या आजीने 'हिंडता-फिरता मरण येऊ दे' असं देवापुढे म्हटलेलं असतं, आणि अंथरुणाला खिळलेलं कुणी गेलं की 'सुटला बिचारा' हेही. एवढं सगळं कानावर घेऊन मूल एमबीबीएसला येतं.

तिथे न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात त्याला एक पान भेटतं. सक्रिय, निष्क्रिय, ऐच्छिक, अनैच्छिक, इच्छेविरुद्ध. पाच मार्कांची टीप. तोंडी परीक्षेत हमखास विचारली जाणारी. सक्रिय म्हणजे काहीतरी करून मारणं, निष्क्रिय म्हणजे काहीतरी न करून मरू देणं, एवढं पाठ झालं की पुढचं पान विषबाधेचं.

त्या पानामागे कायद्याचे थर किती आहेत, हे बघताना मात्र चकित व्हायला होतं. भारतीय दंडविधानात खुनाच्या व्याख्येला एक पाचवा अपवाद होता: १८ वर्षांवरील माणसाने स्वतःच्या मृत्यूला संमती दिली असेल, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा आहेच, पण गुन्ह्याचं नाव वेगळं. हा अपवाद १८६० सालचा, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम राहिला. कलमांचे आकडे तेवढे बदलले, आणि पाठांतर केलेल्या एका पिढीची पंचाईत झाली. वैद्यक परिषदेची २००२ची आचारसंहिता सांगते की दयामरण देणं हे अनैतिक वर्तन आहे. पण मेंदूमृत्यूनंतर हृदय-फुप्फुसांचा आधार काढायचा झाल्यास तो डॉक्टरांच्या गटाने निर्णय घेऊन काढावा. या दोन गोष्टी एकाच कलमात शेजारी-शेजारी आहेत. विद्यार्थ्याने यातून काय उचलायचं?

मग येते अरुणा शानभाग. हे नाव मुंबईत शिकलेल्या कुठल्याही डॉक्टरपुढे घेतलं की तो क्षणभर थांबतो.

२७ नोव्हेंबर १९७३. परळच्या केईएम रुग्णालयातली २५ वर्षांची परिचारिका. एका वॉर्डबॉयने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर ती चौथ्या वॉर्डालगतच्या खोलीत साडेएक्केचाळीस वर्षं होती. केईएमला सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. हिशेब करा: ती त्या खोलीत असताना विद्यार्थ्यांच्या सात पिढ्या पहिल्या वर्षाला आल्या आणि डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या खोलीवरून जाणं हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता, अभ्यासक्रमात नसलेला.

तिला मरू द्यावं, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टर पाठवले: टाटा मेमोरियलचे जे. व्ही. दिवटिया, हिंदुजाचे रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे नीलेश शहा. त्यांनी जे पाहिलं ते पाठ्यपुस्तकातल्या टिपेत बसणारं नव्हतं. ती मेंदूमृत नव्हती. ती स्वतःच्या श्वासाने जगत होती. व्हेंटिलेटर नव्हताच, मग काढायचं काय?

इथे जरा थांबून शरीरातली गंमत बघायला हवी. विचार, ओळख, भाषा, आठवण ही मेंदूच्या वरच्या थरांची कामं. श्वास, गिळणं, झोप-जागेचं चक्र हे खाली, मेंदूच्या देठाकडे. गळा आवळला जाऊन प्राणवायू तुटला की वरचे थर काही मिनिटांत मरतात. देठ चिवट असतो, तो टिकून राहू शकतो. मग डोळे उघडतात, मिटतात, तोंडात घातलेला घास गिळला जातो, आवाज निघतो, पण त्यामागे 'मी' म्हणणारं कुणी आहे का, हे सांगता येत नाही. अरुणा या अवस्थेत होती. मेंदूमृत्यूत याच्या उलट देठही गेलेला असतो. तो गेला आहे हे ठरवायची शेवटची चाचणी तर विलक्षण आहे. रुग्णाला भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. देठात जराही धुगधुगी असेल तर इतका कार्बन डायऑक्साइड त्याला सहन होत नाही, तो एक तरी श्वास ओढायला लावतोच. सगळे छातीकडे टक लावून उभे. घड्याळ चालू. छाती हलली तर माणूस जिवंत. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचं असतं. त्या खोलीत सगळ्यात मागे, हातात केसपेपर घेऊन, पहिल्या वर्षाचा रेसिडेंट उभा असतो. कोपनहेगनच्या विद्यार्थ्याला उजाडेपर्यंत वाट बघावी लागली, याला दहा मिनिटं.

पण हा कायदा अवयवदानासाठी केलेला. कुटुंबाने अवयव द्यायला नकार दिला, तर मेंदूमृत माणसाच्या व्हेंटिलेटरचं काय करायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. नातेवाईक विचारतात त्या रेसिडेंटलाच: "डॉक्टर, अजून श्वास चालू आहे ना?"

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी अरुणाबाबतची याचिका फेटाळली, आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाचा दरवाजा उच्च न्यायालयाच्या परवानगीने किलकिला केला. केईएमच्या परिचारिकांनी मिठाई वाटली. त्यांनी तिला इतकी वर्षं भरवलं होतं, कूस बदलली होती, पाठीला जखमा होऊ दिल्या नव्हत्या. अंथरुणात पडून असलेल्या रुग्णाची पाठ बघितलेल्या कुणालाही विचारा, हे काय काम आहे ते. मला तरी वाटतं, त्या निकालाइतकंच त्या पाठीनेही विद्यार्थ्यांना शिकवलं असणार. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियाने गेली.

योगायोग असा की त्याच १९७३च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समध्ये लीवार्डन शहरातल्या कोर्टाने एका डॉक्टर बाईंना शिक्षा सुनावली होती. गीर्टरुइडा पोस्टमा यांनी पक्षाघाताने पांगळ्या झालेल्या आईला मॉर्फिन टोचून मारलं होतं. शिक्षा झाली एका आठवड्याची, तीही स्थगित. तिथून चालत तो देश १ एप्रिल २००२ला डॉक्टरच्या हातून मिळणाऱ्या मरणाच्या कायद्यापर्यंत पोचला. आपण वेगळ्या वाटेने गेलो. ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१मध्ये धरला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे.

दरम्यान एक मजेची गोष्ट झाली. ज्या शब्दावर परीक्षेत मार्क मिळतात, तो 'निष्क्रिय दयामरण' हा शब्दच अतिदक्षता आणि वेदनाशामक उपचारांतल्या तज्ज्ञांना नकोसा झाला. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१८ साली आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयीच्या संज्ञांची एक पुस्तिका काढली, तीत हा शब्द टाळा असं सांगितलं. कारण सरळ आहे. निरुपयोगी ठरलेला उपचार थांबवला की माणूस आजाराने मरतो, डॉक्टरच्या हातून नाही. त्याला कुठल्याही विशेषणाचं दयामरण म्हटलं की रेसिडेंटच्या हाताला कापरं भरतं.

आणि हात कापतोच. नीतिशास्त्र सांगतं, उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं यांत नैतिक फरक नाही. वाचताना पटतं. पण रात्री तीन वाजता ट्यूब न टाकणं आणि टाकलेली ट्यूब काढणं यांत काय फरक आहे, हे त्या हातालाच ठाऊक. बंद करायचं बटण कुणी दाबायचं? विद्यार्थ्यांना प्रश्नावलीत 'उपचार थांबवण्याला तुमची मान्यता आहे का' असं विचारलं की ते 'हो'वर खूण करतात. तुम्ही स्वतः थांबवाल का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची उत्तरं एकच येतील, असं मला वाटत नाही.

वॉर्डाने यातून आपली पळवाट काढली आहे, आणि तिला चार अक्षरी इंग्रजी नाव आहे: डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपले, आशा संपली, किंवा म्हाताऱ्याला शेवटचा श्वास घरी घेऊ द्यायचा आहे, जमिनीवर उतरवून तोंडात तुळशीपत्र ठेवायचं आहे. नातेवाईक कागदावर सही करतात आणि रुग्णवाहिकेतून घेऊन जातात. केसपेपरवर ओळ पडते, 'पुअर प्रोग्नोसिस एक्सप्लेन्ड टू रिलेटिव्हज'. ती ओळ लिहिणारा बहुधा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असतो. कित्येकदा सल्ला तोच असतो जो सल्ल्याविरुद्ध म्हणून लिहिला जातो. पाठ्यपुस्तकातल्या एकाही प्रकारात हे बसत नाही, म्हणून सर्वेक्षणातही येत नाही. या मरणाला वेदनाशामक नसतं, ऑक्सिजन नसतो, घरी कुणी डॉक्टर येत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या दयामरणाच्या चर्चेतलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे.

ते बुजवायचं औषध जुनंच आहे: मॉर्फिन. ते दिलं की माणूस मरतो, ही समजूत विद्यार्थ्यांतही घट्ट आहे. नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन श्वासाची तडफड शमवतं; त्याने मरण ओढवत नाही. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते इतकं कुलूपबंद झालं की डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरताच निवृत्त झाल्या. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून आहे, पुण्याला वारज्यात सिप्लाचं केंद्र १९९७पासून. वेदनाशामक उपचारांतला एमडी टाटा मेमोरियलमध्ये २०१२ला सुरू झाला. आणि २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय आला, त्यात मृत्यूला सामोरं जाण्यावरही धडा आहे. उशिरा आला, पण आला.

२४ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ची किचकट वाट सोपी केली. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. वेळ आली की रुग्णालयात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. एकट्या रेसिडेंटच्या मुठीतली पिशवी निदान सहा जणांच्या हाती गेली. इच्छापत्राची एक प्रत जपण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने अधिकारी नेमायचा, हेही त्यात आलं. महाराष्ट्रात तो नेमला जावा म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, आणि सरकारने असे अधिकारी नेमले.

तुम्ही १८ वर्षांचे आणि शुद्धीवर आहात, म्हणजे पात्र आहात. एकदा आपल्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा आणि विचारा, लिव्हिंग विल कुणाकडे द्यायचं. टेबलावरच्या माणसाला ठाऊक नसेल तर न्यायालयाचा तो आदेश त्याला वाचून दाखवा. रात्री तीन वाजता तुमच्या खाटेशी उभ्या असलेल्या त्या पोराला तुमच्या मनात काय होतं ते दुसऱ्या कुठूनही कळणार नाही.